षटकार आधी ऐकू येतो

२ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीने वानखेडेवर कुलसेकराला षटकार मारला आणि गिरगावातल्या चाळीपासून बोरिवलीच्या टॉवरपर्यंत एकाच क्षणी आरोळी उठली. त्यात क्रिकेटवेडाइतकाच अॅनालॉग केबलचाही हात होता. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये उपग्रहाचा सिग्नल उतरायचा आणि तिथून काळ्या कोअॅक्सियल वायरीने, गच्च्यांवरून उड्या मारत घरोघर जायचा. उतरताना जो काही उशीर व्हायचा तो साऱ्या वस्तीला सारखाच. पुढे वायरीत थांबायला जागाच नव्हती. डिश अँटेना लावलेली घरं तेव्हाही दोन-चार सेकंद मागे होती, पण ती केबलच्या मानाने कमी होती, त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

१ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत अॅनालॉग केबल कायद्याने बंद झाली आणि प्रत्येक टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स आला. ३१ मार्च २०१३ च्या मुदतीनंतर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांची पाळी आली. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, चित्र स्वच्छ झालं, चॅनेलं वाढली. मात्र शेजारी-शेजारी बसलेले दोन टीव्ही एकाच क्षणात असण्याची खात्री त्या दिवसापासून संपली. नंतर मोबाइल आणि स्मार्ट टीव्ही आले, तेव्हा हे अंतर सेकंदांवरून अर्ध्या मिनिटावर गेलं. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, तेव्हा एकाच इमारतीत आरोळी हप्त्याहप्त्याने आली. आधी केबलवाले, मग डिशवाले, मग अॅपवाले. दुसऱ्या मजल्यावर झेल पकडला गेला होता आणि चौथ्या मजल्यावर हार्दिक पंड्या अजून रनअपच्या टोकाला उभा होता.

या उशिराचा दोष लोक सहसा स्वतःच्या इंटरनेटला देतात आणि महागडा प्लॅन घेतात. त्याने फारसं काही होत नाही, कारण उशीर मुळात बांधणीतच आहे.

मैदानावरून उपग्रहाकडे आणि तिथून परत जमिनीवर, म्हणजे दोन्ही वेळा जवळपास ३६,००० किलोमीटर, एवढ्या प्रवासाला पाव सेकंदच लागतो. वेळ खातं ते आकुंचन. डिजिटल चित्र दाबून लहान करताना एन्कोडर, म्हणजे ते काम करणारं यंत्र, प्रत्येक चौकट (फ्रेम) स्वतंत्र पाठवत नाही. मागच्या-पुढच्या चौकटींत काय बदललं तेवढंच पाठवतो, आणि 'पुढची' चौकट बघायची तर ती येईपर्यंत थांबणं आलं. चॅनेल बदलल्यावर पडदा सेकंद-दीड सेकंद काळा राहतो तोही याच कारणाने. सेट-टॉप बॉक्सचा डबा पूर्ण चौकटीची वाट बघत असतो.

अॅपवर याच्या वर आणखी एक थर चढतो. थेट प्रक्षेपण तिथे नळाच्या धारेसारखं वाहत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडून छोट्या फायली केल्या जातात. असे तुकडे पाठवण्याच्या अॅपलच्या एचएलएस पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा सुचवला आहे, त्याआधी तो दहा सेकंदांचा असायचा. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय पाठवता येत नाही आणि तुमचा प्लेयर साधारण तीन तुकडे हातात ठेवूनच सुरुवात करतो, म्हणजे मध्येच नेट अडखळलं तरी चित्र अडत नाही. तीन सक अठरा. त्यात एन्कोडिंग, तुकड्यांचं वितरण आणि वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती काढण्याचा वेळ मिळवा, की सहज पंचवीस-तीस सेकंद होतात.

मग असे तुकडे पाडतातच कशाला? गर्दीसाठी. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाशी स्वतंत्र जोडणी ठेवायची तर ते कुणाच्या बापाला परवडणार नाही. तुकड्यांची फाईल मात्र कुठल्याही साध्या फाईलसारखी असते. ती शहराशहरांतल्या सर्व्हरवर एकदा ठेवली की लाखो जण तीच उचलतात. व्हिडिओ कॉल याच्या उलट चालतो. तिथे आवाजाचा आणि चित्राचा प्रत्येक कण निघाल्या-निघाल्या पुढे ढकलला जातो, साठा जवळपास ठेवतच नाहीत. म्हणून तो सेकंदाच्या आत पोचतो, पण माणसं थोडी असावी लागतात. गर्दी हवी तर उशीर सोसायचा, संवाद हवा तर माणसं कमी करायची. घरबसल्या करमणुकीत आज प्रेक्षकाला काय करता येतं आणि काय नाही, ते बहुतेक या एका सौद्यावर ठरतं. २०१९ मध्ये अॅपलने कमी उशिराचं एचएलएस आणलं. त्यात पूर्ण तुकड्याची वाट न बघता त्याचे बारीक भाग पाठवतात. अंतर त्याने कमी होतं, नाहीसं होत नाही.

घरात यावर काय करता येईल? पहिलं म्हणजे अंतर मोजा. डिश आणि अॅप शेजारी-शेजारी लावा, गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटतो तो क्षण धरा आणि फोनच्या स्टॉपवॉचवर दोन्हींतला फरक घ्या. तीन चेंडूंची सरासरी पुरते. यूट्यूबवरच्या लाइव्हचा उशीर मोजावाही लागत नाही. व्हिडिओच्या मेनूतल्या 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये 'लाइव्ह लेटन्सी' सेकंदांत लिहिलेली असते. दुसरं म्हणजे मध्ये फोन आला म्हणून पॉझ केलं असेल, तर प्लेयर तिथूनच पुढे चालू होतो आणि सामना संपेपर्यंत तुम्ही तेवढे मागे राहता. 'लाइव्ह'चा ठिपका राखाडी झाला असेल तर त्यावर टिचकी मारा. कितीतरी घरांतला मिनिटभराचा उशीर एवढ्यानेच जातो.

वायफायचा खरा उपयोग चित्र न अडकण्यासाठी. अडकलं की प्लेयर मागे पडतो, म्हणून तेही महत्त्वाचं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारी वायफायची चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत चाळीस राउटर त्या तीन चॅनेलांवर भांडत असतात. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा भरपूर आहे, पण विटांच्या दोन भिंती मध्ये आल्या की तो ढेपाळतो. म्हणून राउटर टीव्हीच्या खोलीत असावा आणि शोकेसमध्ये, पितळी गणपतीच्या मागे लपवलेला नसावा. सर्वांत बिनतोड उपाय लॅन वायरीचा. मात्र बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. स्पीड टेस्टमध्ये वायफायचा आकडा वायरीपेक्षा मोठा दिसला म्हणून वायर काढू नका. फोर-के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, आणि ते अखंड मिळणं ५०० च्या लहरी वायफायपेक्षा मोलाचं आहे.

टीव्हीचा आवाज बंद करून आकाशवाणीची कॉमेंट्री लावायची जुनी सवय अनेक घरांत होती. आता रेडिओ निकाल आधीच सांगून टाकतो. जो पुढे आहे त्याला थांबवता येतं, जो मागे आहे त्याला ओढून पुढे आणता येत नाही, हा इथला एकमेव नियम. रेडिओ अॅपवर असेल आणि तो पुढे धावत असेल तर पॉझ करून टीव्हीशी जुळवा. ट्रान्झिस्टरवर असेल तर इलाज नाही. धावफलकाच्या अॅपची सूचना तर बहुधा अॅपवरच्या चित्राच्या आधी येते, कारण मैदानावरच्या नोंदणाऱ्याने टाकलेले चार आकडे चित्रासारखे दाबावे लागत नाहीत. सामना अॅपवर बघणाऱ्याने त्या सूचना आणि व्हॉट्सअॅपचे ग्रुप गप्प करून ठेवावेत. नाहीतर आपण सामन्याची पुनरावृत्ती बघतोय असं वाटत राहतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये सामना दाखवायचा असेल तर एक चूक हमखास होते. पुढे प्रोजेक्टर, मागे मोठा टीव्ही, आणि दोन्हींवर वेगवेगळं अॅप. पुढची रांग ओरडते, मागची चिडते. दोन पडदे हवेतच तर डबा एकच ठेवा आणि त्याच्यापुढे एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र दोन पडद्यांना वाटणारी डबी, लावा. स्प्लिटर एचडीसीपी २.२ हे कॉपी-संरक्षण चालवणारा असावा, नाहीतर एक पडदा काळा राहतो. साधी एचडीएमआय वायर काही मीटरच्या पुढे फोर-के नेताना चमकायला आणि तुटायला लागते. लांब न्यायची तर चित्र १०८० पिक्सेलवर उतरवा किंवा फायबरची अॅक्टिव्ह वायर घ्या. आवाज ब्लूटूथने स्पीकरला देऊ नका. ब्लूटूथ सहज १५० ते २५० मिलिसेकंद घेतो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो, मागे मात्र १२५ पर्यंत चालून जातो. आपल्याला आवाज उशिरा येण्याची सवय आहे, आधी येण्याची नाही. हॉलमध्ये डब्यापासून साउंड मिक्सरपर्यंत साधी वायरच घाला. (घरगुती सदस्यत्व घरच्यासाठी असतं. तिकीट लावून किंवा प्रायोजकाचा फलक टांगून दाखवायचं तर वेगळी परवानगी लागते. हे मंडळांना सांगितलेलं आवडत नाही.)

एवढं सगळं एकत्र ओरडण्यासाठी. प्रेक्षकाने कार्यक्रमात भाग घेण्याची बाकीची रूपं याहून जुनी आहेत, आणि त्यांतली एक गोष्ट काही केल्या बदलत नाही. भाग घ्यायला पैसे पडतात.

१९९०च्या दशकात दूरदर्शनच्या प्रश्नमंजूषांना पोस्टकार्डांची पोतीच्या पोती यायची. अखेर टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळं कार्ड काढलं, साध्या कार्डाच्या कितीतरी पट किमतीचं. मग एसएमएस आला. २००४-०५ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वात मुंबईचा अभिजीत सावंत एसएमएसच्या मतांवर जिंकला, आणि मत द्यायचं म्हणजे काय हे मराठी घरांना नव्याने कळलं. बॅलन्स संपेपर्यंत द्यायचं. २००७ च्या 'कौन बनेगा करोडपती'त घरच्या प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती. संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत, नेहमीच्या एसएमएसहून कितीतरी जास्त. बक्षिसाची रक्कम त्यातूनच निघते आणि प्रेक्षकाला ते सांगितलं जात नाही, अशी तक्रार झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटीची दंडात्मक भरपाई लावली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनुचित प्रथा पुराव्याने सिद्ध होत नाही, असं म्हणत तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. आकडा मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण प्रेक्षकाच्या उत्साहाला दर लावता येतो हे त्यातून सगळ्यांनाच दिसलं.

मिस्ड कॉलने मतदान ही आपल्याकडची त्यावरची तोड. घंटा वाजते, यंत्र फोन न उचलताच कापतं, नंबर नोंदला जातो, कुणाचंच बिल होत नाही. पुढे अॅप आलं आणि मत फुकट झालं, पण लॉगिन आणि ओटीपीने माणूस ओळखीचा झाला. पोस्टकार्डवर नाव-पत्ता असायचा, तरी ते कार्ड तुम्ही किती वाजता झोपता हे सांगत नव्हतं.

२०१७ मध्ये केबीसीने फोनवर सोबत खेळायची सोय आणली. हॉट सीटवरच्या माणसाला पडलेला प्रश्न त्याच वेळी तुमच्या फोनवर. कल्पना झकास, पण वर सांगितलेला उशीर इथे थेट आडवा येतो. केबलवाल्या घरात उत्तर जाहीर झालेलं असतं, तेव्हा अॅपवाल्या घरात पर्याय नुकते उमटत असतात. असा खेळ बांधणाऱ्याला प्रश्नाची खिडकी सर्वांत पुढच्या घराच्या हिशेबाने बंद करावी लागते. नाहीतर मागच्या घरातला मुलगा शेजारच्या भिंतीला कान लावून जिंकेल. खिडकी लवकर बंद केली तर तोच मुलगा प्रश्न वाचायच्या आत बाद होतो. दूरदर्शनच्या काळात हा पेच उद्भवलाच नसता. सगळ्यांचं घड्याळ एक होतं.

तरीही प्रश्नोत्तरं तगतात. अंताक्षरी तगते, हाउजी तगते. टाळेबंदीत घरोघरी व्हिडिओ कॉलवर हेच खेळ रंगले आणि त्याला कारण आहे. त्यांत एक जण बोलतो, बाकीचे थांबतात. पाळी असलेला खेळ अर्ध्या सेकंदाचा उशीर पोटात घालतो. मोडतात ते प्रकार ज्यांत सगळ्यांनी एकदम काही करायचं असतं, म्हणजे हशा, टाळ्या, कोरस, आणि आपल्या घरात म्हणाल तर आरती.

पुण्याचं घर आणि न्यू जर्सीचा मुलगा यांच्या गणपतीची आरती घ्या. दोन्हींत अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत वायर टाकली तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून जास्त. समुद्राखालची वळणं, राउटर आणि कॉलचा स्वतःचा साठा धरून प्रत्यक्षात दीडशे ते तीनशे. ताल धरून एकत्र गाणाऱ्यांना मात्र २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे चालत नाही. एकमेकांपासून दहा मीटरवर उभं राहून हवेतून ऐकताना जेवढा उशीर होतो, तेवढीच ती मर्यादा. त्यापलीकडे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो, लय ओढली जाते, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत पुणे एका ओळीवर, न्यू जर्सी दुसऱ्या. प्रकाशाचा वेग वाढवणारा प्लॅन कुठल्याही कंपनीकडे नाही.

झांजेचं दुखणं वेगळं. कॉलमधलं नॉइज सप्रेशन माणसाचा आवाज ओळखायला शिकवलेलं असतं. झांज, घंटा, टाळ्या हे सगळं त्याला पंख्याच्या घरघरीसारखं वाटतं आणि ते कापून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू केलं की झांज ऐकू येते, पण तेव्हा स्पीकरऐवजी हेडफोन लावावे लागतात. प्रतिध्वनी खोडणारी सोय त्यात बंद असली की स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून फिरत राहतो. आरतीसाठी जमणारी व्यवस्था एकच. एका घराने म्हणायची, तिथला माइक उघडा, बाकी सर्वांचे बंद, आणि ज्याने त्याने आपल्या घरात ऐकलेल्या आवाजाबरोबर म्हणायचं. प्रत्येक घराला आरती जुळल्यासारखी वाटते. सगळी घरं एकदम कुणालाच ऐकू येत नाहीत. पुणे-नाशिक एवढ्या अंतरावर मात्र खरी साथ शक्य आहे. दूर बसून एकत्र गाण्या-वाजवण्यासाठीचं जॅम्युलससारखं मोफत सॉफ्टवेअर, दोन्हीकडे लॅन वायर, माइक संगणकाला जोडणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, वायरीचे हेडफोन. वायफाय किंवा ब्लूटूथ यांतलं एक जरी मध्ये आलं तरी सगळा खटाटोप वाया.

दूरच्या मित्रांबरोबर सिनेमा बघायचा असला तर स्क्रीन शेअर करायच्या भानगडीत पडू नये. बहुतेक ओटीटीचं चित्र कॉपी-संरक्षणामुळे समोर काळं दिसतं. टेलिपार्टीसारखी साधनं चित्र पाठवतच नाहीत. प्रत्येकाच्या सदस्यत्वावर तोच सिनेमा चालू असतो, आणि कुणी पॉझ केला की बाकीच्यांकडे फक्त 'थांब' एवढा निरोप जातो. म्हणूनच ते व्यवस्थित चालतं.

राहिला कलाकार. तमाशाच्या फडात दौलतजादा असायची. रसिक नोट पुढे करणार, गाणारीण त्याचं नाव आणि रक्कम पुकारणार, गाणं क्षणभर थांबणार. २०१७ मध्ये यूट्यूबने सुपर चॅट आणला, त्याचा कारभार हुबेहूब तोच. पैसे भरले की तुमचा संदेश रंगीत होतो, रक्कम जितकी मोठी तितका जास्त वेळ वर टिकतो, आणि गाणारा नाव घेऊन आभार मानतो. कमिशनही आहे, वाट्याला ७० टक्के गायकाचे, ३० यूट्यूबचे. फडात नोट देणाऱ्याचा चेहरा दिसायचा आणि दाद त्याच मात्रेवर यायची. इथे ती समेच्या नंतर कधीतरी येते.

यूट्यूब स्टुडिओत उशिराचे तीन पर्याय असतात, नॉर्मल, लो आणि अल्ट्रा लो. लोमध्ये तो बहुधा दहा सेकंदांच्या आत, अल्ट्रा लोमध्ये पाचच्या आत येतो. पण अल्ट्रा लोमध्ये फोर-के मिळत नाही, आणि प्रेक्षकाचं नेट जरा डळमळलं तरी त्याच्याकडे चक्र फिरायला लागतं, कारण हातात साठा नसतो. गप्पांच्या कार्यक्रमाला तोच निवडावा. घरच्या मैफलीला नॉर्मल बरा, कारण तान मध्येच तुटण्यापेक्षा दाद उशिरा आलेली चालते. नॉर्मलवर गाणाऱ्याने फर्माइश विचारून कॅमेऱ्याकडे बघत बसू नये. प्रश्न जाण्याचे पंचवीस-तीस सेकंद, शिवाय वाचून टाइप करायला लागणारा वेळ. मध्य लयीत, मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर तीनतालाचं एक आवर्तन आठ सेकंदांचं. विचारायचं, पाच-सहा आवर्तनं लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून) चालू ठेवायचा, आणि मग चॅट वर सरकवून पहिली फर्माइश वाचायची.